गाडी ठीक, रस्ता ठीक

माझा भाऊ मोटरसायकलवरून पडून गेला नाही.

हे आधीच लिहिते, कारण 'टेस्ट रायडर होता' म्हटलं की समोरचा तेच धरून चालतो आणि हळूच विचारतो, "हेल्मेट नव्हतं का?"

हेल्मेट होतं. भाजी आणायला जातानाही असायचं.

दादाला जाऊन आज वर्ष झालं.

त्याचं काम साधं होतं, निदान सांगायला. नवी गाडी बाजारात येण्याआधी खराब रस्त्यांवर एवढी पळवायची की काहीतरी बिघडलंच पाहिजे. मग काय बिघडलं ते कंपनीला सांगायचं.

तो फार वेगवान रायडर नव्हता. हेही लिहायला हवं, नाहीतर सोबतच्या फोटोतलं लेदर जॅकेट पाहून तुमचा गैरसमज होईल. तो तासन् तास, न कंटाळता, एकसारखी गाडी चालवायचा.

म्हणूनच पन्नाशीला टेकल्यावर त्याला एका एन्ड्युरन्स रेसचं बोलावणं आलं. सहा तास, एक गाडी, दोन रायडर, आळीपाळीने. जोडीदार त्याच्याच कंपनीतला, आलमबागचा इरफान.

"छोटी, आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाड्या मोडल्या. आता एक तरी गाडी शेवटपर्यंत न्यायचीय."

शब्द नेमके हेच होते का, खात्री नाही. 'शेवटपर्यंत' मात्र नक्की होतं.

त्या हिवाळ्यात दादाच्या सरोजिनी नगरच्या घरी दर रविवारी सकाळी तालीम चालायची. मी शहराच्या दुसऱ्या टोकाच्या महानगर भागातून वहिनीच्या हातचे पोहे खायला जायचे आणि दादाच्या तावडीत सापडायचे. इरफानची रविवारी ड्यूटी असायची, म्हणून त्याच्या जागी मी.

रेसमध्ये गाडी जोडीदाराच्या हातात देताना तीन गोष्टी सांगायच्या असतात. गाडी कशी आहे, रस्ता कसा आहे, आणि उतरणारा रायडर कसा आहे. पुढच्याला त्यावरूनच सगळं ठरवायचं असतं.

दादा कानपूर रोडवर लांब चक्कर मारून गेटमधून आत शिरायचा आणि टुणकन उतरायचा. त्याचं जुनं हेल्मेट घालून मी हँडल पकडायचे.

"पुढचा ब्रेक मऊ. रस्ता सूखा. रायडर फिट!"

"हाँ जी, समझ गई."

"समझ गई काय, परत म्हण! इरफान असता तर एव्हाना निघून गेला असता."

शेजारच्या आंटी बाल्कनीतून विचारायच्या, "बिटिया, इस उमर में कहाँ की तैयारी है?"

वहिनी स्वयंपाकघरातून ओरडायची, "अक्ल ढूँढने निकले हैं दोनों, आंटी!"

हेल्मेटमध्ये हसलं की काच धुरकट होते, हे मला तेव्हा कळलं.

रेस जवळ आली होती तेव्हाचा एक रविवार.

दादा गेटमधून हळू आत आला. उतरला नाही. इंजिन चालूच.

"गाडी ठीक. रस्ता ठीक."

पुढचं मला पाठ होतं. मी हँडलला हात घातलासुद्धा.

"रायडर ठीक नहीं है, छोटी. डावा हात क्लचवर आहे, हे बघून कळतंय. जाणवत नाहीये."

यावर मी वर्षभर विचार करतेय.

त्याच्या हातून कप निसटायचे. वहिनीने किती वेळा विचारलं असेल. प्रत्येक वेळी उत्तर एकच, "झोप कमी झाली गं."

पण गाडी दुसऱ्याच्या हातात देताना खोटं बोलायचं नाही, हे त्याच्या हाडात मुरलेलं. समोर इरफान नव्हता, नुसती बहीण होती. आणि रेस हातची जाणार हे त्यालाही कळत होतं. तरी तो खरं बोलला.

याला शौर्य म्हणू का? त्याला आवडलं नसतं. काम नीट केलं, एवढंच म्हणते.

मेंदूत गाठ निघाली, पुढे त्याला घेऊन गेली तीच. ऑपरेशन झालं. इरफान दुसऱ्या रायडरबरोबर रेसला गेला आणि परत आल्यावर थेट घरी आला. दादाच्या पलंगावर बसून त्याने सगळी रेस सांगितली.

"गाड़ी पूरी चली, भाई. आख़िर तक."

"आवाज़ तो नहीं कर रही थी कुछ?"

"नहीं भाई."

"चलो, अच्छा है," म्हणून दादा भिंतीकडे वळला. वहिनी त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

डॉक्टरांनी गाडी चालवायला कायमची बंदी केली.

मग एक दिवस, आजवर फक्त स्कूटी चालवलेल्या वहिनीने त्याची मोटरसायकल बाहेर काढली.

"चलाना मना है, बैठना थोड़ी," म्हणत दादा मागे चढला.

"क्लच हळू सोड. हळू गं!"

"अहो, फार बोललात तर इथेच उतरवीन."

कॉलनीला फेरी मारून दोघं परत आले. दादा कंबर धरून उतरला.

"मागची सीट भयंकर कडक आहे ही!"

"तुम्हीच पास केलीत ना?" वहिनी म्हणाली.

"टेस्टला मागे वाळूची पोती बांधायचो. पोती कुठे काय बोलतात?"

त्या दिवशी तिघंही गेटपाशी उभे राहून इतके हसलो की आंटी पुन्हा बाल्कनीत आल्या.

दादा, वहिनी आता ऑफिसला तुझ्याच गाडीवरून जाते. मागच्या सीटला तिने जाड फोम लावून घेतलाय. आज तिच्या मागे बसून गोमती नदीपर्यंत जाऊन आले.

तुझी आठवण येते रे.

तुला आम्हा दोघींचा भरल्या मनाने नमस्कार.