पोटावरची छत्री

छत्री उघडली नाही.

वर आभाळात एक काळा ठिपका होता. तो माझा नवरा होता आणि तो सरळ खाली येत होता. माझ्या एका बाजूला मिरजेचे दातांचे डॉक्टर दुर्बीण लावून उभे होते. "उघडेल आता... आता उघडेल," असं ते मघापासून म्हणत होते. मग ते बोलायचे थांबले. माणूस बोलायचा थांबला की मला जास्त कळतं.

दुसऱ्या बाजूला माझी सासू. कपाळावर हात आडवा धरून ती वर बघत होती. तिला अजून काही कळलं नव्हतं. ती मला विचारत होती, "एवढा खाली आला की गं. छत्री कवा उघडायची?"

डॉक्टर हळूच म्हणाले, "हँडल ओढतोय तो. नुसतं तेच ओढतोय."

आणि त्या ठिपक्याला हात-पाय दिसायला लागले.

मी चौथी शिकलेली बाई. नातीच्या मोबाईलवर तुम्हा लोकांचे अनुभव वाचते. निम्मे मला खोटे वाटतात, ते तोंडावर सांगते. मी असलं काही मानत नाही, तेव्हाही मानत नव्हते. कोयनेचा भूकंप झाला तेव्हा गावात सगळे म्हणाले, देवीचा कोप. मी म्हणाले, भिंत मातीची होती म्हणून पडली. गावात कुणाच्या अंगात आलं तर मी तिला तांब्याभर पाणी द्यायची आणि घरी जा म्हणायची. पण हा एक दिवस असा आहे, की त्याचं काय करायचं ते मला अजून समजलेलं नाही. म्हणून लिहिते.

आमचं गाव कोरेगावच्या बाजूला, सातारा जिल्ह्यात. घरटी एक माणूस पलटणीत. माझा नवरा दिनकर छत्रीवाल्या पलटणीत होता. इथं बायका नवऱ्याला 'हे' लिहितात. मी त्याला समोर अहो-जाहो करायची, कागदावर कशाला. एकाहत्तरची लढाई झाली, पुढं त्याची नोकरी पुरी झाली, पेन्शन घेऊन तो घरी आला. ऊस बघायचा, म्हैस बघायची. सगळं नीट चाललं होतं, पण विमानाचा आवाज आला की हातातलं खुरपं टाकून वर बघत राहायचा.

माझं माहेर माधवनगर, सांगलीजवळ. वडील तिथं कापडाच्या गिरणीत. एकदा तिकडं गेल्यावर दिनकरला कळलं, की कवलापूरच्या माळावर विमान उतरायची धावपट्टी आहे आणि चार-पाच हौशी माणसं हिवाळ्यात रविवारी तिथं छत्रीच्या उड्या मारतात. एक गिरणीवाल्याचा मुलगा, हे दातांचे डॉक्टर, असे. पैसेवाली माणसं, शिकवायला कुणी हवंच होतं. झालं. त्यानंतर दर हिवाळ्यात आम्ही माधवनगरला. सासू म्हणायची, "सरकार पगार देत हुतं तवा उडी मारली, ते ठीक. आता फुकट कशाला मरायला जातोस?" तो हसायचा.

मी एकदा विचारलं, की एवढं काय आहे त्यात. तो म्हणाला, लहानपणी आपण विहिरीत उडी मारायचो ना? पाय सुटतात, पोटात गोळा येतो, आणि मग पाणी लागतं. तसं समज, फक्त पाणी येतच नाही. गोळा विरघळून जातो आणि माणूस नुसता हलका होतो. खाली कृष्णा नदी दिसते, म्हशीच्या टाकलेल्या दाव्यासारखी वाकडी. उसाची हिरवी रानं दिसतात, आपल्या गिरणीची चिमणी काडीएवढी दिसते. मग छत्री उघडते आणि सगळं एकदम गप्प होतं. एवढी शांतता तुला देवळात मिळायची नाही.

हे सांगताना त्याचं तोंड बघितलं आणि मी त्याला पुन्हा कधी नको म्हणाले नाही. एवढा आनंद मला ऊस गाळपाला गेला तरी होत नव्हता.

धोकाही त्यानंच सांगितला होता. पाठीवर मोठी छत्री असते, पोटावर लहान. मोठी नाही उघडली तर लहान. पण तो म्हणायचा, माणसं मरतात ती लहान छत्री नसते म्हणून नव्हे. मोठीचं हँडल ओढूनही ती उघडली नाही, तर त्यांना ते पटतच नाही. हात तिथंच चिकटतो. तेच ओढत राहतात जमीन येईपर्यंत. मी म्हणाले, येडी असतील. तो म्हणाला, नाही गं, चांगली शहाणी असतात.

त्या वर्षी सासू पहिल्यांदाच आमच्याबरोबर आली. दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती, शाळू जोरात होता, ती खुशीत होती. तिला एकदा लेकाची उडी बघायची होती. तिचं शिवणकाम आमच्या भागात नावाजलेलं. लोक तिच्याकडून वाकळ शिवून न्यायचे. जुनी लुगडी, धोतरं थरावर थर घालून अशी शिवायची, की वाकळ फाटायची पण तिचा टाका उसवायचा नाही. कुठं काही उसवलेलं दिसलं की तिला चैन पडायचं नाही. पाव्हण्याच्या सदऱ्याचं बटण लोंबतंय म्हणून त्याला उघडा करून बसवलेला मी बघितलाय.

दिनकरनं आदल्या दिवशी छत्रीची घडी घालून पिशवी तयार केली होती. सकाळी माळावर जायच्या आधी त्यानं पिना तपासल्या, हँडल ओढलं की त्या निघतात आणि पिशवी उघडते, आणि मग आंघोळीला गेला. मी चुलीपुढं होते. विमान मिळालं, माणसं जमली, तो हात हलवून वर गेला. पुढचं सुरुवातीला सांगितलं.

तर तो पडत होता, आणि मी बघत होते.

मी ओरडले नाही. हे मी शपथेवर सांगते, कारण पुढं लोकांनी मी किंकाळी फोडली असं सांगायला सुरुवात केली. माझं तोंड कोरडं पडलं होतं, ओरडताच आलं नसतं. मला भीती वाटली असंही नाही, ती नंतर वाटली. मला राग आला. शहाणा माणूस, दुसऱ्याला शिकवणारा, आणि तोच ते हँडल ओढत बसलाय. घरात मांजर दुधाजवळ गेलं तरी हा बघत बसतो, तेव्हा मी जशी बोलते, तशीच मी बोलले. तोंडातल्या तोंडात.

"आवं, काय चाललंय तुमचं? सोडा ते. पोटावरचं ओढा."

शेजारी सासू म्हणाली, "कुणाला बोलतीस गं?" म्हणजे मी किती हळू बोलले ते समजा.

आणि वर पांढरं काही तरी फुटलं. लहान छत्री. उघडली आणि लगेच तो धावपट्टीच्या पलीकडं शाळूच्या रानात दिसेनासा झाला. फार खाली उघडली होती.

आम्ही पळालो. डॉक्टर पुढं, गिरणीवाल्याचा मुलगा त्यांच्या मागं, मी लुगडं खोचून त्यांच्या मागं. शाळू माणसापेक्षा उंच. दिनकर ताटं मोडून मधोमध बसला होता. पायाचा घोटा भलतीकडं वळला होता. तोंड पांढरं. मला बघून त्याचं पहिलं बोलणं असं, "तू वर कशी आलीस?"

मी म्हणाले, डोक्याला लागलंय ह्यांच्या.

"डोक्याला न्हाई लागलं," तो म्हणाला. "माझ्या कानाशी बोललीस तू. काय चाललंय तुमचं, म्हणालीस. सोडा ते, पोटावरचं ओढा, म्हणालीस. मांजरावर वराडतीस तशी."

मी डॉक्टरांकडं बघितलं. डॉक्टरांनी माझं बोलणं ऐकलेलं नव्हतं. ऐकलं होतं फक्त सासूनं, आणि ती मागून धापा टाकत येत होती. ती आली, लेकाचं बोलणं ऐकलं आणि म्हणाली, "हेच म्हणाली ही. माझ्याशेजारी उभं ऱ्हाऊन म्हणाली."

डॉक्टर शिकलेले. ते म्हणाले, घाबरल्यावर मनात असं होतं. बायकोचं बोलणं रोजचं असतं, तेच आठवतं. मला ते पटलं. चांगलं पटलं. मी तिथंच मान हलवली.

तेवढ्यात गिरणीवाल्याचा मुलगा पाठीवरची पिशवी उलटी करून बघत होता. त्यातून पिवळा धुरळा उडाला, त्याचे हात पिवळे झाले. पालीच्या खंडोबाचा भंडारा. पिशवीचा एक कोपरा बारीक हिरव्या दोऱ्यानं शिवलेला होता. पिशवीही हिरवी, म्हणून टाके दिसत नव्हते. पिना बाहेर आल्या होत्या, सगळं जसं उघडायला हवं तसं उघडलं होतं, फक्त तो कोपरा उघडला नव्हता आणि त्यानं आतलं सगळं धरून ठेवलं होतं.

"हे कुणी शिवलं?" त्यानं विचारलं.

दिनकरनं टाके बघितले. वाकळीवरचे टाके तो लहानपणापासून अंगावर घेऊन झोपलेला. तो लगेच म्हणाला, "मीच. उसवलं हुतं."

सासू म्हणाली, "खोटं बोलू नगंस. मी शिवलं. तू आंघोळीला गेलतास. खंडोबाचा भंडारा आत टाकाया गेले तर कोपऱ्याचं तोंड उघडं दिसलं, आतलं कापड दिसत हुतं. मला वाटलं, वर सगळं सांडंल."

सासू एकदम शाळूत खाली बसली. आता मला हितंच पुरा, म्हणाली. रडली नाही. ती रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

दिनकर मोडक्या पायानं तिच्याकडं सरकला. "आये," तो म्हणाला, "टाका लय घट्ट हाय गं तुझा." आणि हसायला लागला. वेदनेनं डोळ्यांत पाणी, आणि हसतोय.

त्याला चादरीत घालून धावपट्टीवर आणलं, तोवर विमान उतरलं होतं. आता हे नीट वाचा, कारण माझं सगळं इथं अडलंय. पायलट केरळचा माणूस. मराठी शून्य, हिंदी कामापुरती. विमानात तो आणि दिनकर दोघंच गेले होते. दिनकरनं उडी मारल्यावर तो एकटा. तो पळत आला, दिनकर जिवंत बघून त्यानं छातीवर क्रूस केला. मग इकडं तिकडं बघत डॉक्टरांना विचारलं, "वो लेडी कौन थी?"

डॉक्टर म्हणाले, कोण लेडी?

तो म्हणाला, मागच्या रिकाम्या जागेवरून एक बाई बोलली. मराठीत. काय ते समजलं नाही, पण फार रागात होती. मी वळून बघितलं, कुणी नव्हतं. त्याच्या हातावर काटा आला होता, तो त्यानं आम्हाला दाखवला. मी बाजूलाच होते, पण तोवर मी तोंड उघडलं नव्हतं. मग मी सासूला म्हणाले, "आत्याबाई, पाणी घ्या." पायलट माझ्याकडं वळला आणि दोन पावलं मागं सरला.

डॉक्टर दिनकरचा घोटा बांधायला बसले.

लोकांनी मग काय काय केलं. मला सती-सावित्री केलं. मी त्यांना सांगितलं, त्या वर्षी वटपौर्णिमेला मला ताप होता, मी दोन वेळा जेवले होते. कुणी म्हणालं, भंडारा होता म्हणून खंडोबानं तारलं. खंडोबाला तारायचं असतं तर त्यानं टाका उसवला असता, माझ्या आवाजाची काय गरज होती.

घरी गेल्यावर सासूनं सुई हातात घेतली नाही. जेवण निम्म्यावर आलं. कुणाशी बोलायची नाही. दिनकरचा पाय प्लास्टरमध्ये, तो कॉटवरून तिला थट्टेनं काही म्हणायचा, ती बाहेर निघून जायची. ती वाळत चालली, ते मला दिसत होतं. शेवटी एका दुपारी मी जुनी लुगडी आणि सुईदोरा तिच्या पुढ्यात नेऊन टाकला. म्हणाले, "लेक जित्ता हाय तुमचा. सुतक कुणाचं धरलंय?" ती माझ्यावर भडकली. चांगली भडकली, माझ्या माहेरापर्यंत गेली. मग सुईत दोरा ओवला.

पुढच्या हिवाळ्यात दिनकर पुन्हा गेला. लोक म्हणाले, बायकोनं सोडलं कसं? मीच सोडलं. वर्षभर तो घरात नीट बोलत होता, नीट जेवत होता, पण विमान आलं की वर बघत नव्हता. ते मला बघवेना. घडी घालताना त्यानं आईला सतरंजीवर समोर बसवलं, प्रत्येक पदर कशासाठी ते सांगितलं, आणि घड्या दाबून धरायचं काम तिला दिलं. तिनं शंभर प्रश्न विचारले. त्या दिवशी मोठी छत्री फुलासारखी उघडली, आणि सासू माळावर उभी राहून आल्यागेल्याला सांगत होती, की घडी मी धरली होती.

मी तेव्हा एक करून बघितलं. तो वर असताना खाली उभं राहून त्याच आवाजात म्हणाले, येताना कोथिंबीर आणा. तो उतरल्यावर विचारलं. त्याला काही ऐकू आलं नव्हतं. पुढंही बऱ्याचदा बोलून बघितलं. कधीच नाही.

माझा आवाज वर कसा गेला, मला माहीत नाही. तुमच्यापैकी कुणी शहाणं असेल तर सांगा, पण पायलटला कसं ऐकू आलं तेही त्यात सांगा. मला एवढंच माहीत आहे. त्या दिवशी माझा नवरा वाचला आणि माझी सासू वाचली.