ऑनलाइन पाहुण्यांचा सत्कार

गेल्या आठवड्यात अंथुर्ण्याजवळच्या एका शाळेत जो प्रकार घडला, तो आठवून मी अजून स्कूटीवर एकटीच हसते... परवा बारामतीत एक आजोबा माझ्याकडे काळजीने बघत होते.

आधी माझं काम सांगते. खासगी शाळांना गुणवत्तेचं एक प्रमाणपत्र असतं आणि ते काही वर्षांनी पुन्हा मिळवावं लागतं. आता तपासणीला गाडी घेऊन कुणी येत नाही, व्हिडिओ कॉलवरच शाळा बघतात. इंदापूर-बारामतीकडच्या शाळांची त्यासाठी तयारी करून घेते ती मी. तपासणी चालू असताना मात्र मी चकार शब्द काढायचा नाही, असा नियम... मला ओळखणाऱ्यांना कळेल, ही केवढी शिक्षा आहे!

ही शाळा छोटी, पहिली ते सातवी. मुख्याध्यापिका वैशालीबाईंनी ती दोन खोल्यांपासून वाढवलेली. प्रमाणपत्र गेलं तर पुढच्या वर्षी मुलं बारामतीच्या शाळेत घालू, असं बऱ्याच पालकांनी तोंडावर सांगितलं होतं. पोरं गेली की शाळा बंदच, त्यामुळे बाईंचा जीव टांगणीला लागलेला.

वर्गात बाईंचा आवाज पार गेटपर्यंत येतो. पण कॅमेऱ्यासमोर बसवलं की खलास! पाठ केलेली वाक्यं आणि आधारकार्डावरच्या फोटोसारखा चेहरा. मी तालमींवर तालमी घेतल्या... लेन्समध्ये बघा, खांदे सैल सोडा, थोडं हसा. जितकं शिकवलं तितक्या त्या जास्तच आक्रसल्या. "ताई, माझ्याच्यानं न्हाय व्हायचं," म्हणाल्या, तेव्हा डोळ्यांत पाणी होतं.

दुसरी डोकेदुखी म्हणजे संस्थेचे अध्यक्ष, आबा. पाहुण्यांचा सत्कार झालाच पाहिजे, हा त्यांचा हट्ट. अहो आबा, तपासनीस मॅडम पार मुंबईत बसणार आहेत, म्हटलं. तर म्हणे, "मग काय झालं? शाळेत पाव्हणं येणार आन् साधा हार न्हाय?" खूप समजावलं, तेव्हा कुठे "बरं बरं" म्हणाले. त्या "बरं बरं"वर मी विश्वास ठेवला, काय सांगू...

तो दिवस उजाडला. ऑफिसात स्टँडवर माझा फोन, समोर वैशालीबाई, स्क्रीनवर मॅडम. पहिला प्रश्न आला, बाईंनी पाठ केलेलं वाक्य सुरू केलं... आणि दार उघडून आबा आत! डोक्याला फेटा, हातात झेंडूचा जाडजूड, ओलाचिंब हार. "आमच्या शाळेच्या वतीनं..." म्हणत त्यांनी तो थेट स्टँडलाच घातला. वजनाने स्टँड मोडला आणि माझा फोन फरशीवर पालथा.

फोन गेला तो गेलाच. कॉल लगेच जोडला नाही तर तपासणी रद्द होणार होती. मग नवी तारीख कधी मिळेल देव जाणे, आणि तोवर प्रमाणपत्राची मुदत संपणार. आबा मटकन खुर्चीत बसले. मी त्या फोनचं बटण दाबून दाबून थकले.

तेवढ्यात वैशालीबाईंनी पर्समधून स्वतःचा फोन काढला आणि शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरची तपासणीची लिंक दाबली. कॉल जोडला गेला. स्टँड तर मोडलेला, म्हणून त्यांनी मागचा कॅमेरा लावून फोन हातातच धरला आणि म्हणाल्या, "चला मॅडम, शाळा दाखवते तुम्हाला." फोन घ्यायला मी हात पुढे केला, तर बाई केव्हाच व्हरांड्यात!

मी मागे पळतेय... आणि ऐकतेय. बाई बोलत होत्या! पाठ केलेलं सगळं विसरून, आपल्या नेहमीच्या बोलीत, घडाघडा. कॅमेरा आता त्यांच्याकडे नव्हता ना, शाळेकडे होता. प्रयोगशाळा, मुलींचं स्वच्छतागृह, पाण्याची टाकी, गळकी खिडकी... हो, तीसुद्धा दाखवली! "ही गळती हाय मॅडम, सुट्टीत बदलणार हाय."

शाळा सुटल्यावर मुलं रस्ता कसा ओलांडतात, असं मॅडमनी विचारलं. झाली का पंचाईत! कारण तिथे एक मळकी, जाड दोरी वापरतात, आणि चांगली दिसत नाही म्हणून मीच ती आदल्या दिवशी अडगळीत टाकायला लावली होती. बाईंनी दुसरीच्या वर्गाला हाक मारली, "पोरांनो, दोरी आणा रं!" दोरीला गाठी मारलेल्या, एकेका पोराची एकेक गाठ. हंगामात समोरच्या रस्त्यावरून उसाच्या ट्रॉल्या धडधडत जातात. दोन्ही टोकांना शिक्षक, मधे गाठीला धरून पोरं. गाठ रिकामी दिसली की पोर मागे राहिलंय, हे तिथल्या तिथे कळतं. मॅडमनी ते पुन्हा करून दाखवायला सांगितलं. मी तोंडावर हात धरून उभी, नियम मोडू नये म्हणून...

काल निकाल आला. प्रमाणपत्र मिळालं, कुठलीही अट न घालता!

आबांनी फोन करून मला बोलावून घेतलं आणि अर्थात, हार घातलाच. मग फोटोची वेळ आली. वैशालीबाईंना मधे उभं केलं, तर पुन्हा तोच आधारकार्डाचा चेहरा! शेवटी मी म्हटलं, बाई, तुम्हीच घ्या फोन.

इतक्या शाळा केल्या, पण इतका अभिमान मला क्वचितच वाटला असेल. आता कुठल्याही शाळेत गेले, की पहिल्या दिवशी फोन मुख्याध्यापकांच्या हातात देणार आणि म्हणणार, तुमची शाळा दाखवा. हे मला वैशालीबाईंनी शिकवलं.

सोबतच्या फोटोत मी आहे, फेटेवाले आबा आहेत, दोरीच्या गाठी धरून दात काढणारी पोरं आहेत. वैशालीबाई दिसणार नाहीत... फोटो त्यांनी काढलाय.