फवारणी पंपवाल्या मावशी आणि माझी गिटार

"सोल्डर नको तापवू, जागा तापव!" असं म्हणत मावशी वायरींना डाग द्यायच्या सोल्डरिंग आयर्नचं टोक ओल्या फडक्याला पुसायच्या. चर्र आवाज झाला की कामाला सुरुवात. शेलूबाजार गावात त्यांचं बॅटरीचे फवारणी पंप दुरुस्त करायचं दुकान होतं. तुमच्याही गावात अशी एक बाई असेल, जिच्यापुढे आपण आपोआप शाळकरी पोर होतो.

मी ऑर्केस्ट्रात इलेक्ट्रिक गिटार वाजवायचो. वाजवो न वाजवो, स्पीकरमधून घूंऽऽ सुरू! मालकांनी शेवटचं बजावलं, "मेडशीच्या कार्यक्रमात हे घूंघूं झालं, त दुसऱ्या दिवसापासून तू खुळखुळा हालव." मेडशी माझं गाव. तिथं आईसमोर खुळखुळा!

घूंघूंचं मूळ असलेली, आतली सुटलेली वायर मी तीनदा जोडली होती, मोबाईल दुरुस्तीच्या बारीक आयर्ननं. जरा धक्का लागला की पुन्हा सुटायची. शेवटी कार्यक्रमाच्या सकाळी गिटार मावशींच्या टेबलावर ठेवली. पंप घेऊन बसलेले शेतकरी खो खो हसले. "याच्यानं कोन्तं औषध फवारतेत, भाऊ?"

उघडलेली गिटार मावशींनी कधी पाहिलीच नव्हती. भिंग लावून त्या बराच वेळ आत बघत बसल्या. आवाजाच्या बटणाच्या लोखंडी पाठीवरून एक काळी वायर लोंबत होती.

"हे अर्थिंग हाय ना? मंग मेणावानी काहून चिकटवलं?"

"सोल्डरच हाय, मावशी. पन धरतच नाही."

"धरन कसं? येवढं लोखंड, अन् तू त्याले अगरबत्ती लावून राह्यला!"

त्यांनी ब्लेडनं ती पाठ खरवडून चकचकीत केली, सोल्डर नीट धरावं म्हणून राळ लावली आणि जाड टोकाचं मोठं आयर्न टेकवलं.

"मावशी, जळंन ना थे!"

"बारक्या आयर्ननं घासत बसलं त जळते. मोठ्यानं दोन सेकंदात काम होते."

सोल्डर पाण्यासारखं पसरलं. मी फुंकर मारायला वाकलो, तर हातावर चापट बसली. "फुकू नको. आपल्या मनानं थंड होऊ दे." मग त्यांनी चिमट्यानं वायर ओढली. गिटार हलली, वायर नाही हलली. हसणारे शेतकरी आता टेबलावर वाकून बघत होते.

मेडशीत त्या संध्याकाळी मी जन्मात वाजवलं नव्हतं तसं वाजवलं. शिट्ट्या झाल्या, आईनं डोळ्याला पदर लावला, मालक चक्क हसले. माझ्यासोबत आलेल्या मावशी मात्र स्टेजकडे पाठ करून, मोठ्या स्पीकरला कान लावून उभ्या होत्या.

गाणं संपलं. मी तारांवर हात ठेवून थांबलो. लोकांच्या टाळ्या विरल्या. स्पीकर एकदम गप्प.

आणि त्या शांततेत एकट्या मावशींनी टाळ्या वाजवल्या.