कडू अळमी

अळम्यांच्या, म्हणजे रानातल्या भूछत्रांच्या, बाबतीत पेडणे तालुक्यात माझ्या मावशीच्या यजमानांइतका बरोबर माणूस झाला नाही, आणि इतका नकोसाही. पावसात डोंगरावर अळमी उगवली की अख्खा गाव रोयणी, म्हणजे वारुळं, धुंडाळायला निघे. काका मात्र खायची सोडून न खायचीच शोधत. कचेरीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी घरभर कागद पसरले. प्रत्येक कागदावर एका अळम्याची टोपी, तिच्यावर पालथा पेला. सकाळी कागदावर पडलेल्या भुकटीचा रंग बघायचा, मग तुकडा जिभेला लावून थुंकायचा. मावशी चहाला पेला मागे, तर उत्तर मिळे, "उद्या." डिचोलीला एका जेवणात त्यांनी रश्श्यातलं अळमं बोटांनी काढून उजेडात धरलं आणि ते कुठल्या डोंगरावरचं, अशी यजमानीणबाईंकडे चौकशी केली. त्यानंतर मावशीलाही कुणी बोलावलं नाही.

मागच्या पावसात त्यांचे थोरले भाऊ केरीहून बसने आले. काजूच्या बागेच्या वाटणीवरून दोघांत आठ वर्षं बोलणं नव्हतं. हातात सागाच्या पानांची पुडी. त्यांनी ती काकांपुढे ठेवली. मी तिथेच होतो. काकांनी पुडी सोडली, एक अळमं चिरलं, जिभेला लावलं आणि ते अंगणात थुंकले.

"ही खावची नाय. कुजक्या लाकडावरची. कडू आसत."

भाऊ उभेच होते. मग म्हणाले, "माका आता डोळ्यांनी समा दिसणा नाय रे." आणि आले तसे गेले.

काकांनी तरीही एक टोपी कागदावर ठेवली. सकाळी गंजासारखी तांबूस, म्हणजे न खायच्या अळम्याची, भुकटी दिसली, तेव्हा त्यांनी मावशीला हौसेने हाक मारली. तिने कागदाकडे बघितलंसुद्धा नाही. "तेंका बसा तरी म्हटलात काय?" एवढंच तिने विचारलं.

चतुर्थीआधीच भाऊ गेले. बाराव्याला मी काकांबरोबर केरीला गेलो. त्यांच्या वहिनीने सांगितलं, ती पुडी आणण्याआधी तीन सकाळी भाऊ काठी टेकत डोंगर चढले होते. धाकट्याला अळमी आवडतात म्हणून. काकांनी ऐकून घेतलं, पानातलं सगळं संपवलं.

परतीच्या बसमध्ये पेडणे जवळ आलं. तेव्हा काका खिडकीबाहेर बघतच म्हणाले,

"मी थुकलंय रे. तेच्या समोर."

मी त्यांचा हात धरला. त्यांनी तो सोडवला नाही.