शरूकाकांची तिरकी रेघ

आमच्या फणसवाडीतल्या गणपतीच्या नाटकात नट दर वर्षी बदलतात, प्रॉम्प्टर बदलत नाही. तो मान शरच्चंद्रकाकांचा, आमच्या शरूकाकांचा. विंगेत स्टुलावर बसून, समोरच्याला ऐकू जाईल आणि पहिल्या रांगेला जाणार नाही इतक्याच आवाजात वाक्य पुरवायचं, ही त्यांची कला. विमा कंपनीत कारकुनी केली ती पोटासाठी, असं ते स्वतःच सांगायचे.

मागच्या हिवाळ्यात परळच्या इस्पितळात त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं. माणूस वाचला, आवाज गेला. तेव्हापासून ते मोबाइलवर टाइप करून बोलतात आणि भांडतातही.

यंदा तालमी सुरू झाल्या तेव्हा आमचा दिग्दर्शक मयूर अगदी गोड आवाजात म्हणाला, "काका, या वर्षी तुम्ही पुढे खुर्चीत बसून मस्त नाटक बघा." काकांचा चेहरा पडला. एखाद्याला इतक्या प्रेमाने घरी बसवलेलं मी तरी पाहिलं नव्हतं, आणि मला मयूरचा मनापासून राग आला.

दुसऱ्या दिवशी काका लॅपटॉप घेऊन आमच्या दारात. मी परळला एका ऑफिसात वेबसाइटी बनवते, हे त्यांना ठाऊक. मोबाइल पुढे केला: "मनवा, पडद्यावर एकेक वाक्य दाखवायचंय. मी बटण दाबीन तेव्हाच पुढे सरकायला हवं." मी जावास्क्रिप्ट या संगणकाच्या भाषेत छोटंसं पान करून दिलं आणि सांगितलं की दोन बॅकटिकांच्या, म्हणजे उलट्या अवतरणचिन्हांसारख्या खुणांच्या मधे अख्खी संहिता टाका, प्रत्येक वाक्य नव्या ओळीवर. संहितेला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, ही त्यांची अट. मला काय, बरंच झालं.

लॅपटॉपला टीव्ही जोडून तो रंगमंचाच्या कडेला, प्रेक्षकांना दिसणार नाही असा ठेवला. मयूर म्हणाला, "एक तालीम बघू. जमलं तर जमलं." सगळ्यात खूश स्वप्नील, नाटकातला बाप. पाठांतराचा आणि त्याचा छत्तीसचा आकडा, त्यामुळे पडद्यावर दिसेल ते तो बिनदिक्कत म्हणतो.

घर सोडून निघालेल्या मुलीला बाप विचारतो तो प्रसंग आला. स्वप्नील भरल्या आवाजात म्हणाला, "तू खरंच जाणार आहेस? हो बाबा, जाणार आहे."

मुलगी झालेली रुचा आ वासून उभी. हसून हसून सगळ्यांची वाट लागली. पुढे तर नाटक मेलगाडीसारखं सुटलं, कुणी कुठे थांबेना. मयूर मात्र हसला नाही. "काका, राहू दे. स्वप्नीलला मी घोकायला लावतो."

काकांनी टाइप केलं: "मी थांबे घातले होते. गेले कुठे?"

मी फाइल उघडली आणि घोळ समजला. कागदाच्या संहितेत नटाने जिथे थांबायचं तिथे काका लाल पेन्सिलीने तिरकी रेघ मारत. काका डावखुरे, त्यांची रेघ डावीकडे कलते. कीबोर्डवरही त्यांनी तशीच कललेली रेघ शोधली, म्हणजे उलटा स्लॅश. दुसरी घेतली असती तर काही बिघडलं नसतं. पण ही जावास्क्रिप्टची स्वतःची खूण. ती दिसली की संगणक ती गिळून टाकतो, चूकही दाखवत नाही. आणि ओळीच्या अगदी शेवटी असली तर नवी ओळही गिळतो. म्हणून बापाच्या तोंडी मुलीचं उत्तर.

"काका, एका जागी दोन रेघा मारा. एक तो खाईल, दुसरी पडद्यावर दिसेल."

"म्हणजे दलाली घेतो," काकांनी लिहिलं.

सगळ्या रेघा मी एका झटक्यात बदलून देत होते, पण ते ऐकेनात. प्रत्येक जागेपाशी थांबत, ओठ हलवत, एकेक रेघ त्यांनी स्वतः दुप्पट केली. काही पुसूनही टाकल्या. का, म्हणून विचारलं तर लिहिलं, "रुचाला इथे गरज नाही. तिला आपोआप कळतं."

पुढची तालीम सुरळीत झाली. तरी मयूर नाटकाच्या दिवशी विंगेत काकांच्या डोक्यावर उभाच.

तो प्रसंग आला. स्वप्नीलने विचारलं, "तू खरंच जाणार आहेस?" पडद्यावर त्यापुढे तिरकी रेघ. रुचा गप्प. गप्पच. अख्खं पटांगण गप्प.

"विसरली ती," मयूर कुजबुजला. "काका, द्या ना पुढचं." काका रुचाकडे बघत राहिले. मयूरने बटणाकडे हात नेला, तसं काकांनी डाव्या हाताने त्याचं मनगट घट्ट धरलं.

"हो बाबा," रुचा म्हणाली, "जाणार आहे." तिचे डोळे भरले होते. मागे कुणीतरी जोरात नाक ओढलं. माझंही तेच झालं होतं.

मग काकांनी मनगट सोडलं आणि बटण दाबलं.

पडदा पडल्यावर मयूर मनगट चोळत त्यांच्यापाशी आला. "काका, पुढच्या वर्षी तो टीव्ही नसला तरी चालेल. पण तुम्ही हवेच."

"ए, मला नाही चालणार," स्वप्नील मागून घाईघाईने म्हणाला.

शरूकाका हसले, खांदे गदागदा हलवत, जराही आवाज न करता.