मामीची म्हैस आणि माझं हार्मोन

गेली कित्येक वर्षं मी एकाच हार्मोनवर पोट भरते आहे. नऊ अमिनो आम्लांची एवढीशी साखळी, नाव ऑक्सिटोसिन. मेंदूतून निघतं, रक्तातून कासेपर्यंत जातं, तिथल्या पेशींच्या रिसेप्टरला चिकटतं. पेशीत कॅल्शियम वाढतं, पेशी आवळते आणि दूध उतरतं. पुण्यातल्या आमच्या प्रयोगशाळेत, कॅल्शियम दाखवणारा रंग भरलेल्या पेशींवर याचा एक थेंब टाकला की त्या हिरव्यागार चमकतात. बिचाऱ्या कधी नाही म्हणत नाहीत. त्याच चमकण्यावर माझी पीएच.डी. झाली आणि पवनीजवळच्या मामाच्या गावात मी 'डॉक्टर' झाले. ताप आला की लोक मलाच जीभ दाखवतात.

मामी गेली. तेरवी आटोपली, पाहुणे पांगले, तेव्हा कुठे घराच्या लक्षात आलं की म्हैस दूध देत नाहीये. तिचं पारडू आधीच मेलं होतं, तरी मामी खाली बसली की ती पान्हा सोडायची. दुसऱ्या कोणाला सडाला हात लावू देत नसे. आता कास दगडासारखी तट्ट आणि गंजात, म्हणजे इथल्या पातेल्यात, दूध चहापुरतं.

"उद्या सकाळी व्यापारी येते," मामा म्हणाला. "देऊन टाकतो. फुकटची ढेप खाऊन राहिली."

दूध न देणारी म्हैस व्यापारी कुठे नेतो हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. मामीनं तिला एवढीशी होती तेव्हापासून वाढवलं होतं. मला म्हशीची दया आली आणि मामाचा भयंकर राग आला. या माणसाच्या डोळ्यातून इतक्या दिवसांत टिपूस आलं नव्हतं. अंगणातल्या खाटेवर बसून तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटायचा, कोणी काही विचारलं तर "हो बा" म्हणायचं, संपलं.

मामेभावानं खिशातून बिनलेबलाची बाटली काढली. "ताई, सुई मारून दे ना. तुया अभ्यासातलंच औषध आहे म्हणते."

खरंच होतं. माझंच हार्मोन, चोरट्या बाजारातून आलेलं.

"असं विकायला बंदी आहे याला," मी म्हटलं. "आणि उद्या पुन्हा टोचशील, परवा पुन्हा. त्या जनावराचे हाल नको करूस."

"मंग एवढं शिकून तू करते काय?"

या प्रश्नाचं उत्तर मी अनुदान मागताना पानंच्या पानं भरून देते. गोठ्यात एक ओळ सुचेल तर शपथ!

मग मी शास्त्र पणाला लावलं. हे हार्मोन सवयीच्या खुणांनी सुटतं, वासानं, स्पर्शानं. दूध काढताना मामी नेसायची ते जुनेर गोठ्यातल्या खुंटीवर तसंच लटकलेलं होतं, न धुतलेलं. ते मी सलवारीवरून कसंबसं गुंडाळलं आणि संध्याकाळी म्हशीखाली जाऊन बसले. मामेभाऊ दारात तोंड दाबून हसत होता. म्हशीनं मान वळवून माझा वास घेतला. जमलं, मी मनात म्हटलं. तेवढ्यात तिनं लाथ हाणली. गंज एकीकडे, मी शेणात.

"काहून तरास देऊन राहिली तिले?" मामा खाटेवरून म्हणाला. "समजते तिले. सोड."

माझं डोकंच फिरलं. "तुमी त बोलूच नका! बसले खाट धरून!"

म्हशीचे कान माझ्याकडे वळले.

आणि माझ्या ध्यानात आलं की हे वाक्य माझं नाहीच. मामीचं आहे. सुट्टीत इथं यायचे तेव्हा रोज ऐकलेलं. मामी दूध काढताना कधी गप्प नसायची हो! हात सडावर आणि तोंड मामावर. मी गंज उचलला, परत खाली बसले आणि मामीच्याच सुरात बोलू लागले.

"कवेलू फुटले, पाणी चुलीवर पडते, आन हे खर्रा घोटून राहिले! माणूस आहे का धोंडा?"

शेपटी थांबली.

"आन तुमची बयीन! लग्नात मले कशी साडी देल्ली? पोतं बरं!"

हा मामीचा लाडका विषय. ती बहीण म्हणजे माझी आई. पण विज्ञानापुढे आईचीही गय करता येत नाही.

कास सैल पडली. गंजात पहिली धार वाजली, मग दुसरी. मी दम घ्यायला थांबले तर धार बारीक झाली. इथं मामा नेहमी काहीतरी म्हणायचा. मी वाट पाहिली. खाटेवरून बऱ्याच वेळानं आवाज आला, "चुकलं बाप्पा."

म्हशीनं पान्हा सोडला. काय दूध ते! मी मामाचा आळस काढला, त्याचं घोरणं काढलं, अख्खं खानदान काढलं. मला रडू येत होतं आणि तोंडानं शिव्या चालू होत्या. गंज काठोकाठ भरला, सड रिकामे झाले.

मी मामेभावाला ओरडून सांगितलं, व्यापाऱ्याला फोन कर, येऊ नको म्हण. मग खाटेकडे वळले. मामाचा हात खर्र्यावर तसाच थांबलेला. डोळ्यांतून पाणी चाललं होतं आणि तो पुसत नव्हता.

"झालं मामा," मी म्हटलं. "निघालं सगळं दूध."

"बस ना वं जराशी," तो म्हणाला. "मले अजून बोल."