समोर धरलेला फोन

मी देवाचं सगळं करते, पण भरवसा सहसा तयारीवर ठेवते. कंपनीच्या कामावरून जर्मनीहून परतताना इस्तंबूलला विमान बदलायचं होतं, म्हणून तिथल्या इंटरनेटसाठी ई-सिमसुद्धा आधीच घेऊन ठेवलं होतं. विमानात चढता चढता नवऱ्याचा फोन आला. म्हैसूरला आई न्हाणीघरात पडली, खुब्याचं हाड मोडलं, काही तासांतच ऑपरेशन. आईला भुलेची फार धास्ती. लेकीच्या तोंडून देवीची आरती ऐकल्याशिवाय आत जाणार नाही, असं तिने डॉक्टरांनाच बजावलं होतं. इस्तंबूलला उतरले की लगेच फोन करते, असं मी कबूल केलं.

उतरले तर फोन मुका. विमानतळाचं वायफाय ओटीपी मागे, आणि ओटीपी यायला माझ्या नंबरला नेटवर्क हवं. ई-सिम चालू करायला कॅमेऱ्याने कोड टिपायचा होता, आणि तो कोड त्याच फोनच्या पडद्यावर! तिकडे आईला आत न्यायची वेळ झाली असणार. एवढी हुशार मी, बाकावर बसून चक्क रडले. आमच्या म्हैसूरच्या चामुंडीदेवीला म्हटलं, माझ्या हातात आता काही नाही, तूच बघ.

शेजारी डोक्याला रुमाल बांधलेल्या एक बाई होत्या. आम्हाला एकमेकींची भाषा कळेना. त्यांनी माझा पडदा पाहिला, आपल्या फोनने त्या कोडाचा फोटो काढला, ई-सिम चालू होण्यापुरतं स्वतःचं इंटरनेट मला जोडून दिलं आणि तो फोटो माझ्या कॅमेऱ्यासमोर धरला. त्यांच्या विमानाची घोषणा झाली, लोक रांगेत उभे राहिले, तरी त्या जागच्या हलल्या नाहीत. माझ्या फोनवर नेटवर्कच्या रेघा उमटल्या तेव्हा माझ्या गालावर हात ठेवून त्या निघून गेल्या.

नवऱ्याने स्ट्रेचरवरच्या आईसमोर फोन धरला. नर्स घाई करत होती. मी आरती सुरू केली आणि पहिल्याच ओळीला रडू फुटलं.

"अळबेड पुट्टी," आई कानडीत म्हणाली. "रडू नको ग. थांब, मीच म्हणते."

आणि तिने म्हटली, अख्खी, टाळ्यांसकट. मग हसतच आत गेली.

आता ती काठी टेकत घरभर हिंडते. आपला कोड आपल्याला टिपता येत नाही, कोणालातरी तो समोर धरावा लागतो, एवढं मला त्या दिवशी कळलं. त्या बाईंचं नावही मला ठाऊक नाही. संध्याकाळी आरती झाली की आई नैवेद्यातलं एक केळं बाजूला काढते. हे त्या बाईचं, म्हणते, आणि माझ्या हातावर ठेवते.